मिस वांडाचा ट्रॅक

गेल्या शनिवारी मॉरिसव्हिलमध्ये एका मैत्रिणीची वास्तुशांत होती. नवीकोरी टाउनहाउसेस, सगळी एकसारखी... घर शोधताना मी दोनदा चुकले. जेवणं झाल्यावर वरच्या गॅलरीत गेले, समोर ओळखीची, पाण्याची तीच जुनी उंच टाकी दिसली आणि एकदम लक्षात आलं. अरे, ही तर आपल्या ट्रॅकची जागा!

"कसला ट्रॅक गं?" मैत्रिणीने विचारलं. मग काय, मी सांगतच सुटले.

लग्न होऊन नागपूरहून अमेरिकेत आले, तेव्हा आम्ही इथूनच पाच मिनिटांवर भाड्याने राहायचो. मधे फक्त पाइनची झाडं आणि त्यापलीकडे स्टॉक कारचं स्टेडियम. जुन्या साध्या गाड्या, आतल्या सीट काढून लोखंडी पाइप बसवलेल्या... दर शनिवारी संध्याकाळी त्या गोल ट्रॅकवर घोंघावत सुटायच्या. आमच्या कपाटातल्या वाट्या थरथरायच्या. मला त्या जागेचा मनापासून राग यायचा.

खरं तर राग दुसराच होता. मला मास्टर्सला अ‍ॅडमिशन मिळाली होती, ऑगस्टमध्ये क्लास सुरू होणार होते. युनिव्हर्सिटी वीस मैलांवर, बस नाही, नवरा सकाळी सातलाच मित्राच्या गाडीतून ऑफिसला जाणार... आणि मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास. दोन्ही वेळा वळणावर घाबरून ब्रेक दाबला होता.

आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये वांडा राहायची. पन्नाशीची, बुटकी, शाळेची बस चालवणारी. इकडे दक्षिणेत मोठ्या बाईला आदराने मिस म्हणतात, म्हणून मीही मिस वांडा म्हणायचे. एका शनिवारी लॉन्ड्रीत भेटली आणि म्हणाली, "नुसता आवाज काय ऐकतेस, बघायला ये की." तोवर मला पत्ताच नव्हता, की त्या आवाजातली एक गाडी तिची होती!

गेलो आम्ही दोघं नवरा-बायको. जळक्या रबराचा वास, उकडलेल्या शेंगदाण्यांची पाकिटं, फळ्यांच्या बाकांवर आज्यांपासून नातवंडांपर्यंत अख्खी घरं... मला एकदम गावच्या जत्रेत आल्यासारखं वाटलं.

मिस वांडाची केशरी गाडी तिसऱ्या नंबरवर होती. अचानक पुढची गाडी घसरली आणि तिला चुकवताना ही थेट भिंतीवर आदळली. शर्यत थांबली, तिची गाडी ओढत बाजूला आणली. ती खिडकीतून बाहेर आली, हेल्मेट काढलं, हातोडा मागितला... आणि चाकात घुसलेला पत्रा स्वतः ठोकून बाहेर काढला. पुन्हा आत बसली. शेवटून दुसरी आली यार! पण अख्खं स्टेडियम तिच्यासाठी उभं होतं. मी तर रडत होते.

दुसऱ्या दिवशी तिचं दार वाजवलं आणि माझं नापासपुराण सांगून टाकलं. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "हनी, मी काल एवढ्या लोकांसमोर भिंतीवर आदळले. तू तर एका इन्स्पेक्टरसमोर फक्त ब्रेक दाबलास."

मंगळवारी दुपारी ती मला ट्रॅकवर घेऊन गेली. मालकाची परवानगी काढली होती तिने. आमची सेकंडहँड कोरोला आणि एवढा मोठा मोकळा ट्रॅक! पहिल्याच वळणावर मी भिंतीकडे बघितलं आणि गाडी भिंतीकडेच निघाली. तिने शांतपणे स्टिअरिंग सरळ केलं. "भिंतीकडे बघू नकोस. जिथे जायचंय तिथे बघ."

असे आठ-नऊ मंगळवार झाले. शेवटच्या मंगळवारी तिने मधेच गाडी थांबवायला लावली, खाली उतरली आणि जाऊन बाकावर बसली. "आता एकटी!" मी एकटी निघाले. तिसऱ्या फेरीला लक्षात आलं, आपण ब्रेकला पायच लावला नाहीये... बाकावर मिस वांडा दोन्ही हात वर करून नाचत होती.

टेस्ट पास झाले, डिग्रीही झाली. पुढे आजूबाजूला घरं वाढली, आवाजाच्या तक्रारी वाढल्या आणि जागा बिल्डरकडे गेली. शेवटच्या शर्यतीला आम्ही गेलो होतो. संपल्यावर लोकांना ट्रॅकवर सोडलं, तर म्हातारे ड्रायव्हर वाकून डांबराला हात लावत होते. मिस वांडा त्यानंतर डोंगराकडे बहिणीजवळ राहायला गेली. दोन वर्षांपूर्वी तिच्या बहिणीचा फोन आला... मिस वांडा गेली.

एवढं सांगून मी थांबले. मागे मैत्रिणीच्या सासूबाई उभ्या होत्या, सांगलीच्या मंगलकाकू. काकांच्या माघारी आता कायमच्या मुलाकडे आल्यात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "घरातल्यांना सांगू नकोस हं... मी लायसन्सचं पुस्तक वाचून काढलंय. वय चौसष्ट. शिकवशील?"

मैत्रीण शेजारीच उभी होती, ते काकूंच्या लक्षातच आलं नाही!

लेखी परीक्षा देऊन काकूंनी शिकाऊ पर्मिट काढलं. आज सकाळी एका चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्या पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसल्या. पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि तासाला पाच मैलांच्या वेगाने पूर्ण एक चक्कर मारली. उतरल्या तेव्हा चेहरा असा काही फुलला होता...

मिस वांडा, तुमच्यासारखं शिकवणं मला जमणार नाही. पण काकूंच्या शेजारी बसायची हिंमत आहे, ती तुम्हीच दिलेली. थँक यू.