खाऱ्या पाण्याने धुतलेली सायकल

आमच्या घरात पहिली सायकल आली ती चालत आली. बाबांनी ती बोईसरला जुनी विकत घेतली आणि हँडल धरून तीन कोस ढकलत घरी आणली, कारण त्यांना सायकल चालवता येत नव्हती. होडी मात्र ते मिसरूड फुटण्याआधीपासून चालवत होते.

तारापूरच्या किनाऱ्यालगत आमची मच्छीमारांची वस्ती. साठच्या दशकाची शेवटची वर्षं होती. पालघरला कॉलेज निघालं होतं आणि वस्तीतून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. बोईसरहून सकाळची गाडी पकडायची तर पाय पुरत नसत, म्हणून शेवटच्या वर्षाला ही सायकल.

बाबांनी तिला होडीसारखंच वागवलं. नारळी पौर्णिमेला होडीची पूजा झाली की उरलेलं हळदकुंकू तिच्या हँडलला लागलं. संध्याकाळी मी परत आलो की ते अंगणात घागर घेऊन उभेच असत.

"जा, तू वाचाय बस. मी बगतो तिला."

मी कंदिलापाशी बसे. बाहेर पाण्याचा आवाज येई. ते नारळाच्या काथ्याने एकेक स्पोक घासत, आणि घासताना तिच्याशी काहीतरी बोलत. मला ते ऐकू यायचं, पण मी कधी नीट ऐकलं नाही.

चार-पाच महिन्यांनी पहिला स्पोक तुटला. टण्ण असा आवाज झाला आणि मागचं चाक डगमगायला लागलं. बोईसर स्टेशनबाहेर बेटेगावच्या एका मिस्त्रीचं दुकान होतं. त्याने नवा स्पोक घातला, चाकाचा आऊट काढून ते सरळ केलं. आठ दिवसांनी दुसरा तुटला. मग तिसरा. नेहमी मागच्याच चाकाचा, मधल्या हबजवळ, वाकलेल्या टोकाशी.

"येवडी काय बुकं नेतोस कॅरिअरवर?" मिस्त्री विचारायचा. "कॉलेज नेतोस का काय पाठीवर बांधून?"

तो एक बदलायचा आणि माझी गाडी निघून जायची. कॉलेजात सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हजेरी अशीच राहिली तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष शेवटचं होतं. त्या परीक्षेसाठी बाबांनी काय काय सोडलं होतं ते मला माहीत होतं. म्हणूनच असेल, माझा जीव सगळा त्या चाकात अडकला होता.

फेब्रुवारीत एका सकाळी दोन स्पोक एकदम तुटले. रिम वाकून फ्रेमला घासायला लागली. सायकल खांद्यावर घेऊन मी दुकानात पोचलो तेव्हा गाडी सुटत होती. त्या दिवशी मिस्त्रीने पहिल्यांदा सगळं चाक खोललं. फ्रीव्हील काढलं, त्यामागे बोट फिरवलं, बोट जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"खारट हाय," तो म्हणाला. "दर्यात घालतोस काय रे हिला?"

जवळच्या बांधकामावर कामाला आलेले दोन-तीन मजूर हवा भरायला थांबले होते. त्यातला एक म्हणाला, "भाई, सायकल है या नाव?" सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. बाबा रोज समुद्राच्या पाण्याने तिला धुतात, हे मी मान खाली घालून सांगितलं.

मिस्त्रीने हसणं थांबवलं. "त्याला सांग, लोखंड हाय ते. आता एकेक बदलून नाय भागायचं. सगळेच आतून गेलेत. चाळीसच्या चाळीस नवे घालावे लागतील."

हे मला आधी का कळलं नाही? आमच्याकडे होडीला गोडं पाणी लावत नसत. गोड्या पाण्याने लाकूड कुजतं, खाऱ्याने टिकतं, हे प्रत्येक मच्छीमाराला ठाऊक असतं. शिवाय गोडं पाणी आई लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणायची, ते प्यायला आणि भाताला. बाकी सगळं खाऱ्यानेच व्हायचं. जे जपायचं त्याला दर्याचं पाणी, एवढं साधं होतं ते. विज्ञानाचं पुस्तक मात्र माझ्या हातात होतं, त्यांच्या नाही.

संध्याकाळी घरी आलो तर बाबा घागर घेऊन उभे. शेजारची माणसं ओट्यावर जाळी विणत बसली होती. आमच्यात बापाला 'तू' म्हणतात. त्या दिवशी मी घरची बोली सोडून कॉलेजातल्या मराठीत बोललो.

"तुम्हाला काही कळत नाही. ही होडी आहे का? तुमच्यामुळे माझं वर्ष जाईल. यापुढे हिला हात लावू नका."

जाळी विणणाऱ्यांचे हात थांबले. बाबांनी घागर हळूच माडाच्या बुंध्याशी ओतली.

"बरं," ते म्हणाले. "सांगितलंस ते बरं केलंस."

नवे स्पोक बसले आणि त्यानंतर एकही तुटला नाही. माझी गाडी चुकली नाही, हजेरी भरली. बाबा अंगणातून जाताना सायकलला वळसा घालून जात. कधी लांबूनच विचारत, "बरी हाय ना आता ती?" मी हो म्हणत असे.

परीक्षेचा पहिला दिवस होता. उजाडताना पत्र्यावर थेंब वाजल्याने जाग आली. एप्रिलमधला अवकाळी पाऊस. सायकल अंगणात होती. मी धावत बाहेर गेलो तर बाबा तिच्याजवळ उभे होते. जुन्या शिडाचा तुकडा दोन्ही हातांनी वर ताणून त्यांनी तिच्यावर धरला होता. स्वतः चिंब भिजले होते. कापड सायकलला टेकलेलं नव्हतं.

"तुजी सायकल आत घे," ते म्हणाले. "मी हात नाय लावला."

तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. दोन शब्द पुरले असते. पण मला गाडीची घाई होती. मी शिडाखालून सायकल काढून घेतली, पुस्तकं पोटाशी बांधली आणि निघालो.

मे महिन्यात त्यांना कावीळ झाली. औषधं झाली, दवाखाना झाला. निकाल लागला तेव्हा त्यांना जाऊन दहा दिवस झाले होते. मी पास झालो. आमच्या सगळ्या घराण्यात पहिला पदवीधर. तो पदवीचा कागद मला त्यांनी दिला असंच मी मानतो, आणि तो त्यांना दाखवता आला नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी खाडीवरून घागर भरून आणली आणि काथ्या घेऊन सायकल धुवायला बसलो. एकेक स्पोक. आई दारात येऊन उभी राहिली.

"गंजंल ना रं ती."

मी पुढचा स्पोक घासायला घेतला. ती मग आत गेली. पुढे नोकरी लागेपर्यंत मी रोज संध्याकाळी तिला खाऱ्या पाण्याने धुतलं.

दिवाळीच्या सुमारास बोईसरच्या रस्त्यावर टण्ण आवाज झाला. उतरून सायकल ढकलत दुकानापर्यंत गेलो. मिस्त्रीने हबजवळ बोट फिरवलं.

"परत खारं पाणी? म्हातारा ऐकत नाय वाटतं तुजा."

"तो गेला," मी म्हणालो. "मीच घातलं."

मिस्त्रीने खिळ्यावरच्या जुडीतून एक स्पोक काढला आणि चाक मांडीवर घेतलं.