खोक्यावरचे हात

डाळिंबाचं एक रिकामं खोकं अजून आमच्या गोठ्यात पडलंय. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापलंय, 'हँड-पिक्ड'. ते दिसलं की आजही माझं डोकं फिरतं.

या शब्दाचा अर्थ मी वालचंदनगरला माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना विचारला होता. म्हणाल्या, "मूळचा शेतातलाच शब्द गं हा. हातानं तोडलेलं, वेचलेलं. आता हातानं वेचताना माणूस पारखून घेतोच ना, म्हणून पुढं अर्थ झाला निवडक, खास." कऱ्हाटीला घरी आल्या आल्या मी आईला सांगितलं. ती अशी हरखली! "म्हंजी माझंच काम की गं ते!"

होतंच तिचं. टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय ती आमच्या बागेतलं एक फळ तोडत नाही. डाळिंबाच्या काट्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले.

खोक्यावर छापायला हातांचा फोटो काढायला व्यापाऱ्याची माणसं येणार म्हटल्यावर तिनं सकाळी लिंबानं हात घासले, हिरव्या बांगड्या भरल्या. आणि तो पुण्याचा कॅमेरावाला काय म्हणाला? "मावशी, जरा बाजूला व्हा. हात चांगले दिसत नाहीत." त्यांनी सोबत नखं रंगवलेली एक मुलगी आणली होती. आईनं तोडलेलं डाळिंब तिच्या हातात दिलं. मी भांडायला उठले, तर आईनं मलाच दटावलं, "गप बस, पाव्हणं हायती." वर त्या मेल्यांना चहा पाजला! तेव्हापासून ती चारचौघांत हात पदराखाली घेऊन बसायची. ते बघून माझा तीळपापड व्हायचा.

तोडणीच्या दिवशी टेम्पो बांधाला लागला. छापील खोकी उतरली. आईनं एक उचललं, फोटोवरून बोट फिरवलं आणि आपली कात्री व्यापाऱ्याच्या हातात ठेवली.

"हिला बोलवा तोडायला."

"मावशी, मस्करी करताय व्हय? माल आजच गेला पायजे."

"हात तिचं चांगलं हायती न्हवं? मग तोडू द्या की तिला."

तो माझ्याकडं वळला. "ताई, तुमी तरी समजवा." मी समजावणार? मी गेले आणि टेम्पोचा मागचा फाळका लावून टाकला.

टेम्पो रिकामा गेला. आई बांधावर बसून होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, उघडे.