चौदा पिवळे रेनकोट

माझ्या फोनचं वजन चारशे बारा ग्रॅम आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी ते तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा तेवढंच आलं. आधीच्या फोनच्या दुपटीहून जास्त. तो आधीचा फोन एका ट्रेकला खिशातल्या खिशात भिजून बंद पडला होता आणि वाटेचा नकाशा त्यातच होता. त्यानंतर दीड तास आमचा सगळा ग्रुप धुक्यात अंदाजाने चालला. म्हणून हा दणकट फोन घेतला. जाड रबराची कड, कोपऱ्यांना स्क्रू, बाजूला एक जास्तीचं बटण. पाणी, धूळ, थंडी, आपटणं, सगळं सोसेल असं खोक्यावर लिहिलं होतं.

मी महापेला एका कारखान्यात क्वालिटीचं काम करतो. खोक्यावर लिहिलेलं मी खरं धरत नाही. पस्तीस मिनिटं फोन बादलीत बुडवून ठेवला. दोन तास फ्रीजरमध्ये ठेवला.

"मटाराशेजारी फोन?" बायको म्हणाली. "उद्या त्याला फोडणी द्याल."

मग पंच्याहत्तर सेंटिमीटर उंचीच्या टेबलावरून दहा वेळा खाली टाकला. आठव्या वेळी लादीला तडा गेला. फोनला काही झालं नाही.

"आता लादीलाच कव्हर आणा," ती म्हणाली.

इथपर्यंत घरात हसण्याचा विषय होता. पुढचं माझ्या मेहुण्यामुळे झालं. हा बायकोचा धाकटा भाऊ, वाशीला सासूबाईंबरोबर राहतो. आमच्या सानपाड्याच्या सोसायटीच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये त्याला मीच घेतलं होतं आणि त्याचा पश्चात्ताप मला पहिल्याच महिन्यात झाला. वाट माहीत नसताना पुढे चालणं आणि चुकलं की मागच्याला हसणं, हे त्याचं डोंगरातलं काम.

एका रविवारी तो आणि सासूबाई आमच्याकडे जेवायला होते. जेवणानंतर त्याने माझा फोन हातात घेऊन जोखला.

"दाजी, हा फोन आहे का वीट?"

"ठेव खाली."

"टफ आहे म्हणता ना? मग बघू की."

आणि गॅलरीत जाऊन त्याने तो तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडला.

गॅलरीच्या कठड्यापासून खालच्या फरशीपर्यंत नऊ मीटर आहेत. नंतर दोरी सोडून मी ते मोजलं. नऊ मीटरवरून पडणारी वस्तू ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटर वेगाने जमिनीवर येते. फोन पडला तिथून दोन फुटांवर वॉचमनची खुर्ची होती. तो नुकताच गेट उघडायला उठला होता. फोनचा एक कोपरा खरचटला, बाकी तो चालू होता. सासूबाई हसल्या. बायकोही हसली, हे मी विसरलेलो नाही.

मी म्हणालो, "त्याच्याऐवजी तुझं डोकं टाकायला हवं होतं. आत काही नसल्यामुळे तेही फुटलं नसतं."

त्याने आईला उठवलं, चपला घातल्या आणि दोघं गेली. तो दिवस ते मी सांगणार आहे तो दिवस, या मधल्या अकरा आठवड्यांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. निरोप बायकोमार्फत जायचे. ती दोन्हीकडे सारखीच चिडायची.

ट्रेक मात्र दोघांनीही सोडला नाही. मी का सोडावा, असं मला वाटत होतं. त्यालाही तेच वाटत असणार.

आमच्या ग्रुपची लीडर आमच्याच इमारतीतली एक बाई आहे. बँकेत नोकरी करते, सगळे तिला मॅडम म्हणतात. तिच्या ग्रुपमध्ये मोजणीची एक पद्धत आहे. प्रत्येकाला सकाळी एक नंबर मिळतो. निघताना, थांबल्यावर आणि परत निघताना प्रत्येकाने आपला नंबर मोठ्याने, क्रमाने सांगायचा. मोजणारा फक्त पहिला आकडा देतो आणि ऐकत राहतो. मोजणी अर्थात माझ्याकडे होती.

त्या रविवारी आम्ही चौदा जण होतो. पायथ्याच्या गावात पाऊस पडतच होता. सगळ्यांनी सारखे पिवळे रेनकोट घातले होते. मॅडमने वाशीच्या होलसेल दुकानातून ते एकदम आणले होते, म्हणजे धुक्यात आपली माणसं ओळखू येतील. मी "एक" म्हणालो. दोन, तीन करत मोजणी दहापर्यंत आली आणि थांबली. अकरा नंबर मेहुण्याचा होता. तो बुटाची नाडी बांधत राहिला.

"अकरा," मी पुन्हा म्हणालो. कोणाला उद्देशून नाही, हवेत.

नाडी बांधणं चालूच. शेवटी बारा नंबरचे गृहस्थ म्हणाले, "अहो, अकरा आहे, मला दिसतोय. बारा!" आणि लोक हसले.

मला ते लागलं. वर पोचल्यावर आणि परत निघताना हाच तमाशा होणार, हे उघड होतं. म्हणून मी पद्धत बदलली. फोनच्या त्या जास्तीच्या बटणाला मी आकडे मोजायचं काम आधीच लावून ठेवलं होतं. एकदा दाबलं की एक आकडा वाढतो. पावसात स्क्रीन चालेल, असं खोक्यावर लिहिलं होतं, पण तो चालत नव्हता. थेंब पडले की स्क्रीनला वाटायचं, कोणीतरी बोट लावलंय. बटण मात्र चालत होतं.

गडावर आम्ही पाण्याच्या टाक्यापाशी डबे खाल्ले. एक वाजून दहा मिनिटांनी उतरायला लागलो. मी दरवाज्यात उभा राहिलो आणि समोरून जाणारा प्रत्येक पिवळा रेनकोट मोजला. नंबर कोणाला विचारला नाही. सगळ्यांच्या टोप्या डोळ्यांपर्यंत ओढलेल्या होत्या. चेहरे बघायचे तर वाकून बघावं लागलं असतं आणि एक चेहरा मला बघायचा नव्हता. माझं एक धरून चौदा वेळा बटण दाबलं. स्क्रीनवर चौदा आलं. मॅडमला म्हणालो, "चौदा. पूर्ण."

मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. त्याच्या मदतीशिवाय हिशेब जुळला, याचं बरं वाटलं.

तीनला दहा मिनिटं कमी असताना आम्ही पायथ्याला आलो. चहाच्या टपरीत एकाने टोपी मागे सारली. पन्नाशीचा, मिशीवाला, अगदी अनोळखी माणूस.

"साहेब, आमची गाडी कुठं लागलीय?"

"तुम्ही कोण?"

"मी डोंबिवलीवाल्यांच्यात आहे. तुम्ही डोंबिवलीचे नाही?"

"नाही."

"मग हे रेनकोट?"

रेनकोट त्याच दुकानातले होते. मी टपरीत एकेक चेहरा बघितला. मी धरून तेरा आपले आणि एक डोंबिवलीचा. मेहुणा नव्हता.

त्याला फोन लावला, तो बंद होता. त्याचा फोन साधा, काचेचा. मॅडमने मला काही विचारलं नाही. तिने फक्त माझ्याकडे बघितलं आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. गडाला दोन वाटा आहेत. गावातल्या एका माणसाला घेऊन ती मागच्या वाटेने निघाली. मी आलेल्या वाटेने परत चढायला लागलो, एकटा. एकट्याने डोंगरात जायचं नाही, हा ग्रुपचा नियम मीच लिहिलेला आहे.

धुकं आता इतकं खाली आलं होतं की दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. पण आम्ही सकाळी चाललो ती सगळी वाट फोनमध्ये निळ्या रेघेने उमटलेली होती. रेनकोटच्या आत फोन धरायचा, रुमालाने पुसायचा, रेघेवर आहोत का बघायचं, पुन्हा चालायचं. दोनदा घसरलो. दुसऱ्यांदा फोन हातातून सुटून दगडावर आपटला आणि तसाच चालू राहिला. त्या दिवशी मोजणीत किंवा वाटेत फोनने एकही चूक केली नाही. मला आजही त्याचा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीसाठी येतो.

खिंडीत नेटवर्क येतं. चारला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. बायको होती.

"निघालात का? आई त्याला कधीची फोन लावतेय, लागत नाही. त्याला द्या जरा."

मला खोटं बोलता आलं असतं. तो पुढे गेलाय, गाडीत आहे, काहीही.

"तो वर राहिलाय," मी म्हणालो. "मोजताना चूक झाली. मी परत वर चाललोय."

"चूक? तुमची?"

"हो. माझी."

पाऊस रेनकोटवर वाजत होता.

"बादलीत फोन ठेवून घड्याळ लावता तुम्ही. आणि एक अख्खा माणूस मोजायचा राहिला?" ती म्हणाली. "खरं सांगा, राहिला की ठेवलात?"

आणि तिने फोन ठेवला. मी पुन्हा लावला नाही. साडेसहानंतर उजेड राहणार नव्हता. तो कड्यावरून गेला असेल, तर मी काहीही सांगितलं तरी तिला ते कधी पटणार नव्हतं. तो सापडायला हवा होता. तोपर्यंतच्या चढात मी त्याचा विचार केला असं म्हणणं खोटं ठरेल. मी माझाच विचार करत होतो.

पाच वाजायला पाच मिनिटं कमी असताना वर पोचलो. फोनमध्ये कानठळ्या बसवणारा भोंगा आहे. तो वाजवला. स्पीकरमध्ये पाणी गेलं होतं; नाक चोंदल्यासारखा काहीतरी आवाज आला. बादलीतून काढल्यावर मी फोन चालू आहे की नाही, एवढंच बघितलं होतं. स्पीकर वाजवून बघितला नव्हता.

मग नावाने हाका मारायला सुरुवात केली. अकरा आठवड्यांत ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. टाक्यापाशी मारल्या, पडक्या वाड्यापाशी मारल्या, तटाच्या कडेने चालत मारल्या. एकोणीस हाका मारल्या. उत्तर नाही. तटाच्या पलीकडे फक्त पांढरं होतं आणि खालून वारा येत होता.

विसाव्या वेळी नाव घेतलं नाही. का, ते मला माहीत नाही. जोरात ओरडलो, "अकरा नंबर!"

धुक्यातून, अगदी जवळून आवाज आला, "गैरहजर!"

तो तटाच्या आतल्या बाजूला एका कोनाड्यात बसला होता. गुडघे छातीशी, ओठ निळे. डावा घोटा सुजला होता. आम्ही निघत असताना तो आडोशाला गेला होता, परत येताना घसरला, आणि तोपर्यंत आम्ही गेलेलो होतो.

"हाका ऐकू येत नव्हत्या?"

"येत होत्या."

"मग?"

"म्हटलं, बघू किती मारताय ते. किती झाल्या?"

"एकोणीस."

"मोजल्यात वाटतं," तो म्हणाला. "आता मोजलंत."

त्या क्षणी मला त्याला तिथेच सोडून जावंसं वाटलं. तरी मी त्याला माझा कोरडा शर्ट दिला, घोट्याला रुमाल बांधला, मॅडमला मेसेज टाकला. वर नेटवर्क नव्हतं, मेसेज जाईल तेव्हा जाईल. आम्ही उतरायला लागलो. त्याचा हात माझ्या खांद्यावर आणि सगळं वजन माझ्या उजव्या गुडघ्यावर. मग तो म्हणाला,

"दाजी, खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

"नाही. तुझं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून कोणाचंच बघितलं नाही. नुसते रेनकोट मोजले."

त्याने माझ्या खांद्यावरची पकड बदलली.

"मग मुद्दामच झालं की ते."

खिंडीत त्याने माझा फोन मागितला आणि आईला लावला. स्पीकर चोंदलेला असल्यामुळे त्याला तिचं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून तोही ओरडून बोलत होता. "अगं, काही नाही! फोटो काढत मागे थांबलो मी! माझाच गाढवपणा! दाजी आहेत ना, इथंच आहेत!"

फोन परत देताना तो म्हणाला, "तुमच्यासाठी नाही बोललो. तिला बीपी आहे."

अंधार पडता पडता आम्ही खाली आलो. गाडीत बसताना मॅडमने मोजणी स्वतः घेतली, प्रत्येकाच्या तोंडावर टॉर्च मारून. मेहुण्याने अकरा म्हटलं, स्पष्ट, खिडकीबाहेर बघत. माझ्याकडे मोजणी पुन्हा आली नाही आणि मी ती मागितलीही नाही.

घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. सासूबाईंकडून तिला भावाची गोष्ट कळली होती: फोटो काढत थांबला, गाढवपणा केला.

"तो म्हणतो, चूक त्याची," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तुमची. कोणाचं खरं?"

"माझं."

"वाटलंच," ती म्हणाली, आणि ताट वाढायला आत गेली.

चौदा वर्षं ती माझ्या आकड्यांवर वाद घालत आलीय. भाजीचं वजन, बसची वेळ, लादीची लांबी. ही एकच गोष्ट तिने न तपासता मान्य केली. खिंडीतला तिचा शेवटचा प्रश्न, राहिला की ठेवलात, तिने पुन्हा विचारला नाही. विचारला असता तर मी उत्तर दिलं असतं. ते मी मेहुण्याला दिलं होतं तेच असतं, आणि त्याने त्यावर काय म्हटलं होतं, तेही मला सांगावं लागलं असतं.

फोन अजून तोच वापरतो. स्पीकर तीन दिवसांनी आपोआप मोकळा झाला.