दादानं मागवलेली रेकॉर्ड

काल लेकानं जुन्या बाजारातून एक रेकॉर्ड आणली. कव्हरच्या पुठ्ठ्याचा वास आला आणि मी मनानं राजारामपुरीतल्या आमच्या माहेरच्या खोलीत जाऊन बसले.

दादा वारला त्याला सहा दिवस झाले होते. त्यानं मागवलेली सिनेमातल्या डिस्को गाण्यांची रेकॉर्ड घेऊन दुकानदार दारात आला. "तुमचा भाऊ कुठं हाय?" त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

रेकॉर्ड हातात घेऊन आई मला म्हणाली, "लाव."

शेजारच्या काकू उठल्याच. "अगं, सुतक हाय की!"

"त्यानं मागवलीया न्हवं? लाव."

मी लावली. ड्रम, ट्रम्पेट, गाण्यात मध्येच कुणाचं तरी खिदळणं. मला काहीच वाटत नव्हतं. गरगर फिरणारं लाल लेबल तेवढं बघत होते. असली गाणी लागली की दादा जेवतानाही पाय हलवायचा आणि आई त्याच्यावर ओरडायची. आता माझाच पाय हलायला लागला. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी ओशाळून पाय थांबवला. थोडा वेळ पाय पुन्हा हलायची वाट बघून तिनं हात काढून घेतला.

ती मला थांबवत नव्हती, हे मला काल कळलं.