प्यायल्यासारखं केलं

बायांनो, सकाळपासून एक गोष्ट मनात सलतेय.

सोलापुरात प्लेग आहे, आमच्या गल्लीतही उंदीर पडताहेत. आज आमच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजन होतं. द्राक्षारसाचा प्याला सगळ्यांना एकच. त्यातून पिणारे सगळे ख्रिस्ताचं एक शरीर, असं मीच बायकांना शिकवते.

माझ्याआधी सगुणाबाई प्यायल्या. त्यांचा नवरा गेल्या आठवड्यात गाठीनं गेला.

प्याला माझ्याकडे आला. मी ओठ घट्ट मिटले, प्यायल्यासारखं केलं आणि पुढे दिला.

बाहेर त्यांनी माझा हात धरला. "ताई, वाटलं हुतं माज्यामागं कुणी पिनार न्हाय. तुमी प्यालात की!"

प्यायले नाही, तरीही घरी आल्यापासून मी काखेत गाठ चाचपतेय.

पुढच्या प्रभुभोजनाला त्या माझ्याशेजारीच बसणार. खरं सांगा, तुम्ही प्यायल्या असतात?