माणूस जाईल, चाक जाणार नाही

१९८६ साल. मी एक्केचाळीस वर्षांचा. डोंबिवली वेस्टला एका बिल्डरच्या साइटवर कंपाउंडची भिंत घालायची होती. मी गवंडी. दोरी ताणली होती. दोरी म्हणजे आमची रेघ, तिच्या बाहेर वीट जात नाही. पण सकाळपासून लोक तिच्यावरून ढांग टाकून चालले होते. ऑफिसवाले, शाळेची पोरं. मागच्या चाळींतून स्टेशनला जायची ती बांधावरची पायवाट. खाचरं गेली, वाट राहिलेली.

जनाबाई कोळीण खाडीकडून मासळीची पाटी घेऊन आली आणि दोरीशी थांबली.

"दादूस, ही भिंत कवरी जानार?"

"पार टोकापर्यंत."

"न मी? मोट्या रस्त्यानं वलसा घालू? मावरा नासंल ना माजा!"

"रिक्षा कर."

"रिक्षावाला मावरा बसवतो? तूच घे मांडीवर!"

मी थापी ठेवली आणि बिल्डर शेठकडे गेलो.

"शेठ, वाट सोडा."

"वाट सोडली की स्कूटर घुसणार, रिक्षा घुसणार. मी पार्किंग देतोय, गल्ली नाही."

तेव्हा त्या पार्किंगमध्ये मोटार एकच, शेठची.

"माणूस जाईल, चाक जाणार नाही, अशी भिंत घालतो."

"कुठे शिकलास?"

"शाळा तिसरी. भिंत बापाकडं."

आमच्या कोकणात गडग्याला, म्हणजे शेताच्या दगडी कुंपणाला, अशी वाट ठेवतात. एक भिंत संपायच्या आत दुसरी तिच्यामागून सुरू करायची, मधे माणसापुरती फट. माणूस आत शिरून वळतो, बैलाला वळता येत नाही. हे मी शेठला सांगितलं.

"इथे बैल कुठे आहेत?"

"स्कूटरी आहेत ना. त्यांना पण शिंगं असतात."

शेठ म्हणाला, "जमलं नाही तर तुझ्याच हाताने बुजवायचं. आणि परत साइटवर दिसायचं नाही."

संध्याकाळपर्यंत वळण तेवढं पुरुषभर उंच बांधून काढलं. शेठने सुपरवायझरला त्यात स्कूटर घालायला लावली. हँडल अडकलं. शेवटी मजुरांनी मागून ओढून काढली.

"राहू दे," शेठ म्हणाला.

तेवढ्यात जनाबाई बाजारातून परत आली. फटीत शिरली आणि तिच्या डोक्यावरची पाटी दोन्हीकडून भिंतीला थडकली.

"आरं, ही वाट मानसाची, पाटीची नाय!"

"पाटी लहान घे."

"तुजी भिंत लहान कर!"

शेठ हसला. मी नाही हसलो.

त्या वाटेने चाळीतली माणसं वर्षानुवर्षं पायी स्टेशनला गेली. तिथेच उभी राहून बोलायची, लग्नं जुळवायची. चपला झिजायच्या, पण धूर नव्हता. आता माझा नातू कोथिंबीर आणायला मोटार काढतो आणि हवा खराब झाली म्हणतो. वाट बुजवली की माणूस चाक शोधणारच.

आणि पाटीचं म्हणाल तर चूक माझी नव्हती, पाटीच मोठी होती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी, सिमेंट घट्ट धरायच्या आत, मी वळणावरचे वरचे थर उतरवले आणि भिंत जनाबाईच्या खांद्याखाली आणली.