ओझं टेकवायच्या दगडावर ओझं टेकवलं म्हणून

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आम्ही सुरतेच्या डिंडोलीत राहणाऱ्या काही खान्देशी बायका आज जुन्या सुरतेत फिरायला गेलो होतो. नवाबाची सवारी ज्या रस्त्याने निघायची, तो दाखवायला एक गाइड ठरवला होता. एका कोपऱ्यावर छातीएवढा उंच दगड दाखवत तो म्हणाला, "सवारीमागून हमाल डोक्यावर सामान घेऊन चालायचे. ते इथे ओझं टेकवून दम खायचे. ये बात किसी को पता नहीं."

आम्ही फोटोसाठी मोबाइल काढले, तेवढ्यात एक हमाल आला. डोक्यावर साड्यांचं हे भलंमोठं गाठोडं. त्याने ते दगडावर टेकवलं आणि घाम पुसला.

गाइड अंगावरच धावला. "अरे, हटाओ! हेरिटेज है ये!"

"चुकी गयं, साहेब," तो बिचारा पुटपुटला. बोलीवरून आपल्याच खान्देशातला होता हो! गाठोडं पुन्हा डोक्यावर चढवून निघूनही गेला.

मी गाइडला म्हटलं, "भाऊ, हा दगड कशासाठी आहे ते आत्ता तुम्हीच सांगितलंत ना?"

तर म्हणे, "मॅडम, वो तो नवाब के टाइम की बात है."

म्हणजे नवाबाचं ओझं टेकवलं की इतिहास, आणि पोटासाठी वाहिलेलं टेकवलं की घाण? मला कुणीतरी समजावून सांगा.

बाकीच्या बायकांनी ग्रुपवर फोटो टाकलेत. सगळ्या लिहितायत, दगड किती छान आलाय, मध्ये कुणीच नाही.